वाण

ऑक्टोबर छाटणीनंतर पन्नासेक दिवसांनी
मणेराजुरीच्या बागेत आम्ही घड बुडवतो.
मगात जीएचं पाणी,
घड धरायचा, बुडवायचा, हलकेच झटकायचा,
पुढचा.
आठवड्यात मणी असे फुगतात की ओळख पटत नाही.
चौदाव्या वर्षापासून हेच करतेय.
म्हणून मिरजेच्या दवाखान्यात पोटाला सुई लावताना
नर्स म्हणाली, "घाबरू नका, हार्मोन आहे,"
तेव्हा मी घाबरले नाही.
फक्त हात कुणाचा आणि घड कुणाचा
ते या वेळी उलटं होतं.

फॉर्म नूतनवहिनीनं भरला.
शिक्षण दहावी. तिनं बारावी केलं.
वर्णाच्या रकान्यापाशी थांबली, माझ्याकडे बघितलं.
"गव्हाळ लिहिते. सावळं कुणी मागत नाही."
घरात कुणाला डोक्याचा आजार?
मी नाही म्हणाले.
पेन पुढं सरकलं.
शेवटी संपतची सही.
"दुखंल का?" त्यानं विचारलं,
आणि त्याच श्वासात, "किती?"

अकरा दिवस सुया शेजारच्या दुकानात,
फ्रीजमध्ये, दुधाच्या पिशव्यांमागं.
पोट ताठ. मांडवाखाली हात वर करवेना.
मुकादमाला सांगितलं, पित्त झालंय.

पडद्यावर काळे मणी दिसले.
मला मोजता येतं, धंदाच आहे माझा,
विरळणीत कुठला ठेवायचा नि कुठला पाडायचा
ते नजरेलाच कळतं.
सतरा होते.
भूल उतरल्यावर बाई म्हणाल्या, सात.
कायद्यात सातच बसतात.
विरळणीत पडलेल्या मण्यांवरून आम्ही चालत जातो,
चपलेला चिकटतात, दारात खरवडून काढतो.
बाकीच्या दहांचं मी विचारलं नाही.
साडेपाचची एसटी होती.

पाकिटावर लिहिलेलं: प्रवासखर्च.
मिरज ते तासगाव!
एवढ्यात मी काश्मीर बघून आले असते.
संपतचे दात झाले, श्रेयाचा चष्मा झाला,
आणि माझी एक पिवळी स्कूटी, जुनी, सेल्फ बंद असलेली.
पुण्य म्हणत असाल तर ते नव्हे.
पाप म्हणत असाल तर बसा मागं, जाता जाता बोलू.

जन्मात एकदाच देता येतं, असं कलम आहे.
दुसऱ्यांदा गेले ते नणंदेच्या आधारकार्डावर.
त्या फोटोत सगळ्याच बायका
नुकत्या पकडून आणल्यासारख्या दिसतात.
म्हणून कुठल्याशा फायलीत आता ती अंडी
सुमित्राताईंची आहेत,
ज्यांना साधी टोचणी बघून भोवळ येते.
उद्या कुणी शोधत आलंच
तर दार चुकणार.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या,
वाण नाही पण गुण लागला, म्हणतात.
इथं गुण त्यांच्या घरचे लागतील:
काट्याचमच्यानं जेवणं, इंग्रजीत रुसणं,
तलावात न भिता उडी टाकणं.
लागू देत.
वाण मात्र माझा.
आणि एखाद्या रात्री ते लेकरू उठून बसेल,
भिंतीशी बोलेल,
ती आई दिवा लावून बघत राहील,
आमच्यात तर कुणाला असं नव्हतं, म्हणेल.

हे खुपतं.
दिल्याचं नाही खुपत.

संक्रांतीला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या,
एकेक मोजून दिली.
बायका हसल्या, अगं, वाण कुणी मोजतं का?
मी मोजते.

तर, कुणापर्यंत पोचलंच तर:
माझ्या काकाचं नाव आनंदा.
तिसाव्या वर्षी त्याची झोप उडाली,
दोन वर्षं आम्ही देवऋष्याकडं घालवली,
मग मिरजेलाच गोळ्या चालू केल्या.
लागू पडतात.
वेळेवर घेतल्या तर लागू पडतात.
आता तो सायकलवरून दूध घालतो.